एका बोटाची जागा

हस्त नक्षत्र लागलं की लोक आभाळाकडे बघतात. मी चाकांकडे बघते.

शेजारच्या बिऱ्हाडातली सुलभा कॉलेजातून आली की सायकल जिन्याखाली लावते आणि एक काटकी घेऊन मागच्या चाकाजवळ उकिडवी बसते. आमची वसाहत नवी आहे. चार वर्षांपूर्वी इथे शाळू उभा असायचा. घरं झाली, रस्ते व्हायचे आहेत, आणि पाऊस पडला की जमीन आपण मूळची कोण ते दाखवते. सुलभा मडगार्डात काटकी घालून चिखल उकरते, काटकी मोडते, ती दुसरी आणते, आणि तोंडाने वसाहतीच्या चेअरमनचा उद्धार चालू असतो. मी गॅलरीत तांदूळ निवडत बसलेली असते. खडे वेचायचे राहतात आणि माझं बोट हवेत काहीतरी मोजायला लागतं. सत्तरी उलटली तरी ही खोड गेलेली नाही.

सोलापूरची काळी माती ज्यांनी फक्त उन्हाळ्यात पाहिली त्यांना ती कळलेलीच नाही. उन्हाळ्यात तिला हात कोपरापर्यंत आत जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगात ती पाणी पिते, पण पोटभर नाही. आमच्याकडचा खरा पाऊस परतीचा, उत्तरा आणि हस्ताचा. तेव्हा ती फुगते आणि धरलेलं काही सोडत नाही. आधी ती तुमच्या वहाणा मागून घेते, मग पाय. चार पावलं गेलात की तळव्याखाली मातीचा थर, त्याला चिकटलेलं गवत, धसकटं, खडे. आपण वीतभर उंच होतो आणि चालता येईनासं होतं. हा चिखल धुऊन जात नाही, खरवडावा लागतो. शेतकरी या दिवसांत बांधावर बसून वाफशाची वाट बघतात. जमिनीत ओल तर हवी, पण माती फाळाला चिकटता कामा नये, अशी ती अवस्था. ती आली की पेरणी. ती कधी येणार हे कुणाच्याच हातात नसतं. जन्म या जिल्ह्यात गेला, पण वाफसा म्हणजे काय ते मला एकाच वर्षी कळलं, आणि तेही उशिरा.

त्या वर्षी मी एकतीस वर्षांची होते. एकोणिसाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं होतं. दोन वर्षं दिराच्या घरी भाकऱ्या थापल्यावर, एका लांबच्या मामांच्या ओळखीने, मी बायकांच्या इस्पितळात नर्सिंग शिकायला गेले. शिकले, सुईणपणाची परीक्षा दिली, तिथेच कामाला लागले. आमच्या खोलीच्या मागे हातमागांची वस्ती होती. दिवस उजाडायचा तो गिरणीच्या भोंग्याने आणि त्यापाठोपाठ सुरू होणाऱ्या धोट्यांच्या खटखटीने. इस्पितळातल्या गोऱ्या डॉक्टरीणबाई मायदेशी परत निघाल्या तेव्हा त्यांनी आपली सायकल मला दिली. बायकांची सायकल होती, मधली दांडी खाली वाकवलेली, आणि लुगडं अडकू नये म्हणून मागच्या चाकावर दोऱ्याची जाळी विणलेली. सिद्धेश्वराच्या तळ्याच्या काठी भल्या पहाटे पडत-झडत मी ती शिकले. पहिल्या दिवशी बाजारातून गेले तर एक आडतवाला हातातला तराजू तसाच धरून गादीवरून उठून उभा राहिला. भाजीवाली म्हणाली, "बाई, एवड्या वर बसून कुटं निगालीस गं?" मी म्हटलं, "तुझ्या सुनेच्या बाळंतपणाला." सगळा बाजार हसला. त्या दिवसापासून मी सायकलवाली बाई झाले. मला गर्व झाला होता. स्पष्टच सांगते, तो लपवून आता उपयोग नाही.

गौरव्वा होनवाडीची. ते गाव शहरापासून बारा मैल, अक्कलकोटच्या बाजूला. त्यांतले सात मैल खडीची सडक आणि पाच मैल रानातली गाडीवाट. गौरव्वा बावीस-तेवीस वर्षांची असेल. ठेंगणी, कपाळाला भस्म, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. घरात कानडी, माझ्याशी मराठी आणि भडकली की दोन्ही. पहिल्या खेपेला तिचं मूल दोन दिवस अडून राहिलं होतं आणि गेलं होतं. म्हणून या वेळी तिचा नवरा शिवप्पा तिला सहाव्या महिन्यातच गाडीतून इस्पितळात दाखवायला घेऊन आला. नव्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "हाडांतच जागा कमी आहे. हिचं बाळंतपण इथेच व्हायला हवं. हत्यारांशिवाय होणार नाही."

शिवप्पाला मी ते समजावून सांगितलं. तो समंजस माणूस. म्हणाला, "मग असं करतो बाई, गौरी-गणपती झालं की हिला हितं आनून ठिवतो. धर्मशाळंत ऱ्हाऊ. म्हातारी येतीया संगट."

यावर मी काय म्हणाले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "तीन-चार आठवडे धर्मशाळेत बसून काय कराल? तिला घरी राहू दे, मोकळ्या हवेत. मी दर चौथ्या दिवशी सायकलवर येऊन बघून जाईन. दिवस भरत आले की सांगेन, मग गाडी जुंपा. दोन-तीन तासांचं तर काम."

शिवप्पाने गौरव्वाकडे पाहिलं. तिचा चेहरा एकदम खुलला होता. "अक्का येते म्हनत्यात की," ती म्हणाली. "मग कशाला ती धरमशाळा?"

माया होती हो माझ्या बोलण्यात, नव्हती असं नाही. परक्या गावात, धर्मशाळेच्या ढेकणांत अवघडलेल्या बाईने का दिवस काढायचे? पण ते बोलताना बाहेर भिंतीला टेकवलेली सायकल माझ्या डोळ्यांपुढे होती, हेही खरं.

त्या वर्षी श्रावण कोरडाच गेला. वाट टणटणीत होती. मी दर चौथ्या दिवशी जायची, आणि गावाबाहेरच्या लिंबाखाली गौरव्वा उभी असायची. घरी नेऊन ती मला कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही वाढायची. मी पोट तपासायची, पोर हाताखालून ढुशी मारायचं, आणि ती म्हणायची, "लई द्वाड हाय." सायकलीची घंटी तिला फार आवडायची. निघताना ती सायकलीजवळ यायची, दोन-तीनदा घंटी वाजवायची आणि पोटाकडे बघायची. "ऐकिवते त्याला," म्हणायची. "ह्यो आवाज आला की आपली अक्का आली, असं कळाया पायजे." तिची सासू दारातून ओरडायची, "पुरं की गं, यव्वा!" आणि मग हळूच स्वतः येऊन एकदा वाजवून बघायची. त्या श्रावणाइतकी सुखी मी आधी नव्हते आणि नंतरही झाले नाही.

भाद्रपदात मागचा टायर फाटला. गोऱ्या डॉक्टरीणबाईंची सायकल विलायतेतून आलेली, तिच्या मापाचा बारीक टायर सगळ्या सोलापुरात मिळेना. मिळाला तो जाड. हवा भरल्यावर तो, मागचं चाक ज्या दोन नळ्यांमध्ये बसतं त्यांतल्या डाव्या नळीला घासायला लागला. चालवताना खस्स खस्स असा आवाज यायचा. मी म्हटलं, झिजेल आणि बसेल आपोआप. टायर झिजला नाही, नळी झिजली. पंधरा दिवसांनी पायडलजवळच्या सांध्यापाशी मला केसाएवढी चीर दिसली.

साखर पेठेच्या तोंडाशी मकबूलभाईंचं दुकान होतं. वडील लोहार. त्यांनी घडवलेले फाळ आणि विळे पार अक्कलकोटच्या बाजारापर्यंत जायचे, असं ते अभिमानाने सांगत. स्वतः मकबूलभाई गिरणीतले मोडके भाग जोडायचे आणि शहरात सायकली वाढल्यापासून सायकलीही. भाता, ऐरण, सांडशी सगळं वडिलांचंच. त्यांनी चाक काढलं, सांगाडा उजेडात धरला आणि टायरने घासून चकचकीत केलेल्या खोबणीवरून अंगठा फिरवला.

"ये टायर हय क्या म्हशीचा पाय, बाई? पाइप कू खा ल्या देखो. इधर कागज हो गया."

"होईल ना दुरुस्त?"

"होयेंगा नै तो क्या! मकबूल बैठा हय ना."

दुरुस्ती बघायला मला आवडतं. मी बाकड्यावर बसून राहिले. त्यांनी चीर कानशीने घासून लख्ख केली, टाकणखार लावला, पितळेचा कीस ठेवला आणि सांधा निखाऱ्यात धरून भाता ओढायला लागले. लोखंड लाल झालं, पितळ पाझरलं आणि चिरेत शिरून दिसेनासं झालं. मग त्याच तावात त्यांनी मागच्या दोन नळ्यांमध्ये बाभळीची पाचर ठोकली आणि नळ्या बाहेर फाकवल्या. आता सांगाडा एका अंगाला कलला की काय ते बघायला हवं होतं. त्यासाठी त्यांच्याकडे कुठलं यंत्र नव्हतं. त्यांनी शेजारच्या मागावाल्यांकडे हाक मारली. तिथल्या तेलुगू बाईने हातातलं काम न थांबवता ताण्याचा एक लांब दोरा तोडून दिला. मागच्या चाकाच्या एका खाचेत दोऱ्याचं टोक, तिथून हँडलच्या मानेला वळसा आणि परत दुसऱ्या खाचेत. मधल्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर सारखं भरलं, म्हणजे सांगाडा सरळ. इतकी देखणी मोजणी मी इस्पितळातही पाहिली नव्हती.

मग त्यांनी जाड टायरचं चाक आत बसवून पाहिलं आणि मला जवळ बोलावलं. "बोलो, कित्ती जगा होना?"

टायर आणि नळी यांच्यामध्ये मी तर्जनी घातली. ती सहज आत गेली. "एक बोट पुरे," मी म्हणाले.

"दो कर देतूं, बाई. बारिश के दिन हय. पन जोड खोल के फिर से भरना पडेंगा, कल शाम कू मिलेगी."

दुसरा दिवस माझ्या खेपेचा होता. गौरव्वाचे दिवस भरत आले होते, आणि या खेपेला गाडी जुंपायला सांगायचं मी ठरवलं होतं. आभाळ दोन दिवसांपासून भरून होतं. "नको," मी म्हणाले, "मला सकाळी जायचं आहे. एक बोट बस्स."

"जैसी तुमारी मर्जी." त्यांनी चाक काढलं, सांधा पुन्हा एकदा लाल करून नळ्या नीट बसवल्या, आणि सांडशीने सांगाडा उचलून तो सांधा सरळ पाण्याच्या कुंडात बुडवला. चर्रर्र झालं, वाफेचा लोट उठला. मकबूलभाईंच्या चेहऱ्यावर काम मनासारखं झाल्याचं समाधान होतं. "पानी दिये बिना लोहा पक्का नै होता," ते म्हणाले. "फाळ होने दो, विळा होने दो. अब्बा पानी देते तो बीस बरस फिकर नै." माझी सायकल म्हणून, वडिलांच्या हातचं सगळ्यात मोठं काम त्यांनी तिला दिलं होतं. मी मान डोलावली. लोखंडातलं मला काय कळत होतं?

पण बोटांतलं कळत होतं. माझा सगळा धंदाच बोटांवरचा. बाळंतिणीची वाट किती उघडली ते आम्ही बोटांनी मोजतो. एक बोट, दोन बोटं, चार बोटं. एका बोटावर कुणालाही पुरे म्हणू नये, हे त्या शहरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि मीच म्हणाले. मकबूलभाईंनी विचारलं होतं, दुसरं बोट द्यायला ते तयार होते. ही गोष्ट मी पुष्कळदा निरनिराळ्या बाजूंनी लावून पाहिली आहे. प्रत्येक वेळी त्या बाकड्यावर मीच बसलेली असते.

संध्याकाळी हस्त कोसळला. सकाळी थांबला. खडीचे सात मैल सायकल अशी पळाली की मी मनात मकबूलभाईंना दुवा दिला. गाडीवाटेच्या तोंडाशी एक धनगर घोंगडी पांघरून उभा होता. मला बघून तो पळत आला.

"तुमीच का नर्सबाई? शिवप्पानं धाडलंय. गौरव्वाच्या पोटात राच्च्यापासनं दुकतंय. गाडी जुपली हुती, पर वड्यापाशी चाकं आसापतूर रुतली. बैलं बी हालंनात."

मी पिशवीतून कागद काढून डॉक्टरीणबाईंना चिठ्ठी लिहिली आणि त्याला तिच्यासह शहराकडे पिटाळलं. जाता जाता तो म्हणाला, "बाई, सायकल हितंच ठिवा. म्होरं चाक न्हाय चालायचं."

मी ऐकलं नाही. पाच मैल चालायला किती वेळ जाईल याचा हिशेब माझ्या डोक्यात होता आणि सायकलीला किती लागतो याचाही. मी सायकलीवर बसले. मागचं चाक दहा-बारा वेळा फिरलं आणि थांबलं. खाली उतरून पाहिलं तर एका बोटाची ती जागा गच्च भरली होती. आत माती, तीत गवत, वर मडगार्डात आणखी माती. टायर दिसतच नव्हता. पिशवीतली कात्री काढून मी चिखल उकरला. पुन्हा दहा-बारा फेरे, पुन्हा गच्च. पुन्हा उकरला. मडगार्ड काढून फेकावं तर त्याच्यावर जाळी बांधलेली, आणि जाळी काढावी तर माझं पांढरं गोल पातळ चाकात जाणार. पुरुषमाणसाने केव्हाच काढून टाकलं असतं. मी उकरत राहिले. किती वेळ उकरत होते ते मला माहीत नाही, पण सूर्य ढगाआडून बराच वर आलेला आठवतो. आता मला कुणीही विचारावं, की बाई, सायकल फेकून चालायला का लागली नाहीस? मी स्वतःला विचारलं आहे. या खेपेला चालेल, या खेपेला चालेल, असं वाटत होतं एवढंच.

शेवटी मी चिडले आणि अडलेल्या चाकावर सगळं अंग टाकून पायडल दाबलं. खट्ट असा लहानसा आवाज झाला. मकबूलभाईंनी पाणी दिलं होतं तिथेच सांधा तुटला होता. सायकल बांधावर आडवी टाकून, पिशवी डोक्यावर घेऊन मी चालायला लागले. वहाणा कुठे राहिल्या ते कळलं नाही.

पोचले तेव्हा तिसरा प्रहर झाला होता. माझ्या आधी चौघांनी गौरव्वाला बाजेवर घालून नेऊन पाहिलं होतं. ओढ्याशी एकाचा पाय मांडीपर्यंत आत गेला, बाज कलंडली, तिला परत आणली. मी हात धुतले, तपासलं. वाट पूर्ण उघडली होती. डोकं मात्र वरच हाडांत अडून बसलं होतं. जे हत्यार हवं होतं ते माझ्या पिशवीत नव्हतं, असतं तरी मला चालवता येत नव्हतं. नंतर कळलं की चिठ्ठी मिळताच डॉक्टरीणबाई मोटार घेऊन निघाल्या होत्या. मोटार खडीच्या सडकेच्या टोकापर्यंत आली आणि संध्याकाळपर्यंत तिथेच उभी राहिली. पाच मैलांवर सगळं तयार होतं, आणि मी गौरव्वाचा हात धरून बसले होते. शिकलेलं सगळं करून झालं होतं. आयुष्यात इतकी निरुपयोगी मी कधीच नव्हते.

दोन कळांच्या मध्ये तिने डोळे उघडले. "अक्का, घंटी न्हाय वाजली?"

"सायकल मागे राहिली गं."

"मी कवाधरनं कान लावलाय," ती म्हणाली, आणि पुढची कळ आली.

दिवेलागणीला मुलगी झाली. निळी पडलेली, डोकं लांबट झालेलं. मी तिला गरम-गार पाण्यात धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, तिच्या तोंडात फुंकर घातली. पुष्कळ वेळ करत राहिले. शेवटी सासूने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि "बिडू यव्वा, बिडू" असं म्हणत तिला माझ्या हातांतून काढून घेतलं. सोड आता, असंच ती म्हणत होती, ते मला तेवढ्या कानडीतही कळलं. शिवप्पाने सकाळी आपल्याच रानात बांधालगत खड्डा केला. खोऱ्याची माती खाली पडतच नव्हती. तो दरवेळी ती हाताने ओरबाडून काढायचा आणि पुन्हा खोरं मारायचा. एवढासा खड्डा, पण फार वेळ लागला.

गौरव्वा वाचली. तिला बरं वाटलं की एकदा डॉक्टरीणबाईंना दाखवून जा, असं सांगून मी परत आले. मधले दिवस मी रोज संध्याकाळी इस्पितळाच्या फाटकात उभी राहायची. कशाची वाट बघत होते ते मला सांगता आलं नसतं. पंधरवड्याने उघडीप मिळाली, वाफसा आला, रानोरान पेरणीच्या पाभरी फिरायला लागल्या. आणि एका सकाळी मला रस्त्यावरून माझ्याच सायकलीची घंटी ऐकू आली.

शिवप्पाची बैलगाडी होती. तिच्यात गौरव्वा बसली होती, आणि शेजारी तिने धरून ठेवलेली माझी सायकल. गाडीला दचका बसला की घंटी आपोआप वाजायची. सायकल इतकी स्वच्छ होती की मला ओळखू येईना. विळ्याच्या टोकाने तिच्या सांधीकोपऱ्यातला कण न् कण उकरून काढला होता आणि सांगाड्याला करडईचं तेल चोळलं होतं. "मातीत पडली हुती बांधाला," गौरव्वा म्हणाली. "बरं दिसंना."

"वाटेला किती वेळ लागला?" मी विचारलं. तोंडातून शब्द गेला आणि जीभ चावावीशी वाटली.

"न्ह्यारी करून निगालो हुतो," शिवप्पा म्हणाला. ऊन अजून डोक्यावर आलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी गौरव्वाला तपासलं आणि तिसऱ्या खेपेच्या भानगडीत पडू नका, असं सांगितलं. सायकल त्याआधीच, मी सांगितल्यावरून, शिवप्पाने मकबूलभाईंकडे उतरवली होती. आम्ही तिघं त्यांच्या दुकानी गेलो तेव्हा ते तुटलेला सांधा उन्हाकडे धरून बसले होते. तुटलेल्या तोंडावर खडीसाखरेसारखे बारीक कण चमकत होते. त्यांनी त्यावर नख फिरवलं. "मैंच दिया पानी," ते म्हणाले. "फाळ में जान आती उससे. ये पतली पाइप, बाई, ये कडक हो गयी, काच के माफिक. मेरेकू समझना होना था." त्यांना होनवाडीची हकीकत कळली होती. ते माझ्याकडे बघेनात.

मी म्हणाले, "मकबूलभाई, तुटायच्या आधीच ती अडली होती. एका बोटाने अडली." त्यांना बरं वाटावं म्हणून बोलले, पण ते खरंही होतं.

त्यांनी सांधा पुन्हा झाळला. या वेळी पाणी दिलं नाही, राखेत पुरून गार होऊ दिला. नळ्या आणखी फाकवल्या, दोरा लावला, चाक बसवलं. मग मला न विचारता स्वतःच म्हणाले, "डालो दो बोटां." मी दोन बोटं घातली. ती आरामात गेली. मी मान हलवली.

गौरव्वा पायरीवर बसली होती. ती उठली, सायकलीजवळ आली, आणि तिने उजव्या हाताची मूठ वळून ती टायर आणि नळी यांच्यामध्ये नेली. मूठ आत जाईना. तिने दोनदा लावून पाहिली.

"हितं मूठ जायाला पायजे, अक्का," ती म्हणाली. "आमच्या रानात बोटाचं माप चालत न्हाय. गाडीच्या चाकाला बी मूठभर जागा आसती, तरी हस्तात आमी चाक भायेर काडतच न्हाय."

मकबूलभाईंनी हातातली कानस खाली ठेवली. अशी सायकल जगात कुणी करत नाही, हे त्यांना ठाऊक होतं आणि मलाही.

"मग तू मला सांगितलं का नाहीस?" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "धर्मशाळेत राहू म्हणाला होता शिवप्पा. तेव्हा का नाही बोललीस?"

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. मला वाटतं, तो असता तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "तुमी म्हनला, मी येते. तुमी शिकलेल्या. आमाला वाटलं, तुमास्नी ठावं आसंल." आणि मग, "तुमी मला इचारायचं हुतं की, अक्का."

वीसेक खेपा मी तिच्या घरी गेले असेन. तिच्या हातची भाकरी खाल्ली, तिचं पोट बोटांनी मोजलं, पण तिच्या वाटेबद्दल तिला एक शब्द विचारला नव्हता. ती गाडीत बसली तेव्हाही तिची मूठ वळलेलीच होती. तशीच मांडीवर ठेवून ती गेली.

ती सायकल मी पुढे पुष्कळ वर्षं वापरली. हस्तात मात्र कधी बाहेर काढली नाही. दिवस भरत आलेली बाई असेल तिला मी पोळ्याच्या आत शहरात आणून ठेवायची, कुणी नको म्हटलं तर भांडून आणायची. त्यांतल्या किती वाचल्या, किती पोरं रडली, हे सांगून मी माझं पारडं जड करून घेऊ शकते. पण होनवाडीच्या बांधावरची ती जागा त्याने भरत नाही, हे मला माहीत आहे.

आज सकाळी सुलभा निघाली तेव्हा रात्रभर झड लागलेली होती. मी जिना उतरून खाली गेले. गुडघे कुरकुरतात, तरी वाकले, आणि तिच्या मागच्या चाकापाशी मूठ नेली. ती आत गेली नाही. जायची नव्हतीच.

"मावशी, काय बघताय?"

"आज चालत जा," मी म्हणाले.

"अहो, कोपऱ्यापर्यंतच तर चिखल आहे. पुढे डांबरी सडक आहे." ती हसली. ती म्हणते ते खरं होतं. तिने सायकल उचलून बाहेर काढली, पदर खोचला आणि गेली. कोपऱ्यावर वळताना तिने घंटी वाजवली. ती ऐकू येईनाशी होईपर्यंत मी जिन्याखालीच उभी होते.